नाचाची जागा आणि नाचाची पत

सांगलीला नाट्यपंढरी म्हणण्याचा प्रघात आहे. इ. स. १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ हा खेळ तेथें केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ त्या प्रयोगापासून मोजण्यांत येऊं लागला. शेजारीं मिरज आहे. तेथें ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं अब्दुल करीमखाँ यांच्या स्मरणार्थ रात्ररात्र गाणें चालतें. या दोन नामांकित शहरांच्या बाजूला कुपवाड हें गांव. आज तेथें कारखाने आहेत, आणि १९९८ सालापासून सांगली, मिरज व कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली आहे. कुपवाडच्या नांवावर आद्य नाटकाचा मान नाहीं, कीं एखाद्या खाँसाहेबांची समाधि नाहीं. परंतु रंगभूमीचा इतिहास प्रतिष्ठित स्थळांपुरताच लिहावयाचा नसेल, तर कुपवाडांत उभें राहून सभोंवार पाहणें उपयोगाचें ठरतें. तासगांवच्या रस्त्यावर कवलापूर लागतें. त्याच्या पलीकडे तासगांव तालुक्यांत सावळज आहे. कृष्णाकांठीं वाळवें तालुक्यांत रेठरें हरणाक्ष आहे. तमाशाच्या इतिहासांतील मोठीं नांवें या गांवांशीं जोडलेलीं आहेत.

आजचा विषय त्या खेळांतील एका लहानशा अंगापुरता आहे. रात्रीच्या वेळीं माणसें जेथें करमणुकीसाठीं सैलपणें बसतात, म्हणजे जत्रेच्या माळावर, एखाद्या धनिकाच्या माडीवर, कलाकेंद्राच्या खोलींत किंवा मद्यगृहांत, तेथें थोडक्या वेळांत संपणारें आणि स्वतःपुरतें पूर्ण असें नृत्य करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्या नृत्याकडे समाजानें व सरकारानें कसें पाहिलें हें तपासूं लागलें म्हणजे एक गोष्ट वारंवार आढळते. नाच कसा झाला यापेक्षां तो कोठें झाला, यावरून त्याची पत ठरविण्यांत आली. ही रीत न्याय्य होती काय, आणि तिची किंमत कोणी दिली, एवढाच प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

या लहान नृत्याचें मराठी रूप म्हणजे लावणी. पेशवाईच्या उत्तरकाळांत रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या शाहिरांनीं तिला भरास आणिलें. रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. म्हणजे रचना करण्याच्या कामीं जातीचा अडसर नव्हता. विषयही त्या त्या काळाच्या रोजच्या जगण्यांतले असत. फडांत नाचणारा बहुधा स्त्रीवेष घेतलेला पोरगा असे. त्याला नाच्या म्हणत. पायांत चाळ बांधून स्त्री फडावर उभी राहूं लागली ती पुढें, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत.

जागा ही नाच कसा घडविते, हें फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांच्या तुलनेनें लक्षांत येतें. फडाची लावणी उघड्यावरची. मशालीच्या हलत्या उजेडांत, शेंकडों माणसांच्या गलबल्यांत तिला उभें राहावयाचें. डोळ्याची खूण मागच्या रांगेपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून तेथें पायाची चाल ठळक, ढोलकीचा तोडा कडक आणि झीलकऱ्यांचा सूर चढा. बैठकीची लावणी चार भिंतींच्या आंत, थोडक्या जाणत्यांपुढें व्हावयाची. तेथें बाई पुष्कळ वेळां बसूनच गाते. एकच ओळ पुनः पुनः घ्यावयाची आणि प्रत्येक वेळीं भिंवई, बोट, पदराचें टोंक किंवा मानेचा झोंक यांनीं तिचा निराळा अर्थ दाखवावयाचा, यास अदा म्हणतात. पहिल्या खेपेस जो रुसवा असतो तोच दुसऱ्या खेपेस टोमणा होतो आणि तिसऱ्या खेपेस विनवणी होते. हें सारें चार हातांच्या अंतरावरून पाहावयाचें असतें. मोठ्या नाट्यगृहांत तें हरवून जाईल. तेव्हां बैठकीची लहान खोली ही त्या कलेची गैरसोय नसून तिची गरज होती, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

सावळजच्या उमा-बाबाजींनीं या लहान नृत्याला मोठ्या खेळांत नेऊन बसविलें. ‘मोहना बटाव’ हा त्यांचा वग इ. स. १८६५ च्या सुमाराचा, आणि वगनाट्याचा आरंभ त्यापासून मानण्यांत येतो. तत्पूर्वीं तमाशांत सुट्या लावण्या, सवालजबाब व भेदिक कवनें यांचा भरणा असे. वग आल्यावर गण, गौळण, रंगबाजी आणि शेवटीं वग असा रात्रभराचा क्रम पक्का झाला. कथेची गोडी लागल्यामुळें प्रेक्षक पहांटेपर्यंत बसूं लागले. मात्र सुटी लावणी नाहींशी झाली नाहीं. ती रंगबाजींत राहिली, आणि पुढें तिनें आपलें वेगळें घर केलें, तें आपण लवकरच पाहूं.

रेठरें हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांचा जन्म १८६६ चा आणि मृत्यु १९४५ चा. ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरांत जन्मलेल्या या माणसानें फडाची वाट धरली व पवळा या महार स्त्रीबरोबर आपला संसार व आपली कला जोडली. त्या काळीं हें केवढें धाडस होतें, तें निराळें सांगावयास नको. त्यांच्या लावण्या जत्रांतून गाजल्या, तशा मुंबईच्या तमाशा-थिएटरांतूनही गाजल्या. घाटावरून आलेला गिरणी-कामगार दिवसभर साच्यांपुढें उभा राही आणि रात्रीं पिलाहाऊसच्या बाजूस जाऊन गांवाकडची भाषा ऐके. त्याला तें ठिकाण हलकें वाटत नसे. उलट साऱ्या मुंबईंत तेवढी एकच जागा त्याच्या स्वतःच्या बोलींत बोलत होती. परंतु बापूरावांना जातीनें दूर लोटलें, आणि पवळेला तर आधींच दूर ठेवलेलें होतें. त्यांच्या शब्दांची नक्कल करणारे पुष्कळ निघाले. त्यांच्या पंक्तीस बसणारे थोडे.

आतां कवलापूर. शिवा-संभा या जोडीनें तेथला फड नांवारूपास आणिला, आणि पुढच्या पिढींत काळू-बाळू या जुळ्या भावांनीं तो सर्व महाराष्ट्राच्या ओळखीचा केला. ‘जहरी प्याला’ या वगांतील त्यांचे दोन हवालदार जत्रेंतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. हा फड ढोलकीचा. ढोलकीफडाचा संसार बैलगाडीवरून आणि पुढें मालमोटारीवरून चालला. गांवच्या यात्रेची सुपारी, तंबूचें तिकीट आणि पावसाळ्यांतली बेकारी असा त्याचा हिशेब. जागा नित्य बदलणारी असल्यामुळें प्रत्येक गांवच्या पाटलाची, पोलिसाची आणि टवाळखोराची मर्जी राखावी लागे. तेथें नाचणाऱ्या स्त्रीला निदान आपल्या फडाचा आधार असे. भाऊ, बाप, नवरा, सोंगाड्या हीं सारीं माणसें तिच्याबरोबर रंगमंचावर असत.

ज्या सुट्या लावणीचा मघाशीं उल्लेख केला, तिचें वेगळें घर म्हणजे संगीत बारी. पुण्याचें आर्यभूषण थिएटर, दौंडकडील चौफुला, सोलापूर जिल्ह्यांतील मोडनिंब, नगर जिल्ह्यांतील जामखेड हीं तिचीं प्रसिद्ध ठिकाणें. येथें वग नाहीं, सोंगाड्या नाहीं. एका थिएटरांत अनेक पार्ट्या वस्तीला असतात. प्रत्येक पार्टी म्हणजे एका कुटुंबांतल्या किंवा नात्यागोत्यांतल्या कांहीं स्त्रिया आणि त्यांच्याबरोबर पेटी, तबला व ढोलकी वाजविणारे साथीदार. प्रत्येकीला ठराविक वेळेची पाळी मिळते. पाळी म्हणजेच बारी, आणि त्यावरूनच या प्रकाराचें नांव पडलें. एक पार्टी आपल्या दोन-चार लावण्या करून उतरते, दुसरी चढते. आवड असलेला रसिक त्यानंतर एखाद्या पार्टीची खाजगी बैठक मागतो. बक्षिसी म्हणून उधळलेल्या पैशाला दौलतजादा म्हणतात. लहान नृत्याला इतकी नेटकी व्यवस्था दुसऱ्या कोठें क्वचितच मिळाली असेल. स्पर्धा असल्यामुळें नवी चाल, नवा मुखडा, नवी अदा यांचा सतत शोध चालतो. चित्रपटांतलें गाणें आलें तर तेंही बारी आपल्या ढंगांत मुरवून घेते.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. नाचणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळ कोल्हाटी समाजांतल्या. मुलगी कमावती म्हणून तिच्या लग्नाची वाट बंद, तिच्या कमाईवर भाऊ-बापांचा संसार, आणि तिच्या लेंकरांना बापाचें नांव नाहीं, अशी स्थिति कित्येक घरांत होती. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनांत ती निर्भीडपणें सांगितली आहे. लावणीच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्यानें तें पुस्तक दृष्टीआड करूं नये.

अशाच समाजांत सातारा जिल्ह्यांतल्या यमुनाबाई वाईकर यांचा १९१५ सालीं जन्म झाला. लहानपणीं आईबरोबर रस्त्यावर नाचगाणें करून त्यांनीं पोट भरलें. पुढें तमाशांत आणि बैठकींत त्यांनीं अदेच्या लावणीवर असा अधिकार मिळविला कीं १९७७ मध्यें संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्यें ‘पद्मश्री’ त्यांच्याकडे चालत आली. २०१८ सालीं, वयाच्या १०३ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या. त्यांची अदा रस्त्यावर जी होती ती दिल्लीच्या व्यासपीठावर जातांच एकाएकीं शुद्ध झाली, असें कोणी म्हणणार नाहीं. बदललें होतें तें पाहणाऱ्यांचें आसन.

ही गोष्ट सरकारी धोरणांत अधिक स्पष्ट दिसते. १९४८ च्या सुमारास, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असतांना, मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडांचीं चुलाणीं विझलीं. पुढें महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं तमाशा सुधार समिति नेमण्यांत आली, आणि संहिता आधीं तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुनः सुरू झाले. समितीचा हेतु कला वांचविण्याचा होता, आणि त्याचा लाभही झाला. परंतु तपासनीसाला शब्द वाचतां येतो, भिंवई वाचतां येत नाहीं. त्यामुळें वगाला दाखला मिळणें सोपें झालें, आणि लावणीवरचा संशय मात्र टिकून राहिला. दरम्यान वाटेगांवच्या अण्णा भाऊ साठे यांनीं १९४४ पासून लाल बावटा कलापथकाच्या द्वारें तमाशाच्या सांच्यांत कामगारांचे प्रश्न ओतले. तमाशाला लोकनाट्य हें नवें नांव रूढ झालें, आणि १९६५ मध्यें वसंत सबनीस यांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ हें लोकनाट्य आलें तेव्हां पांढरपेशा प्रेक्षक खुर्च्यांवर बसून त्याच गणगौळणीला टाळ्या देऊं लागला. नांव बदललें, जागा बदलली आणि पत वाढली. चौफुल्याच्या बाईची पत मात्र होती तेथेंच राहिली.

इतर देशांतही लहान नृत्याचा जन्म पुष्कळदां रात्रीच्या अशाच ठिकाणीं झाला आहे. लॉय फुलर ही अमेरिकन नर्तिका १८९२ मध्यें पॅरिसच्या फोली-बर्जेर या करमणूकगृहांत रेशमी कापडाचे घोळ आणि रंगीत विजेचे झोत यांचा खेळ करूं लागली. खाणेंपिणें आणि विदूषकी यांच्यामध्यें होणारीं तीं थोडक्या मिनिटांचीं नृत्यें आज आधुनिक नृत्याच्या इतिहासांत पहिल्या प्रकरणांत येतात. बर्लिनची व्हालेस्का गेर्ट हिनें १९२० नंतरच्या दशकांत कॅबरेच्या मंचावर मुष्टियोद्धा, रस्त्यावरील रहदारी, वेश्या, मृत्यु अशा विषयांवर अगदीं छोटीं नृत्यें केलीं. ती ज्यू असल्यामुळें नाझी राजवटींत तिला देश सोडावा लागला, आणि १९४१ मध्यें न्यूयॉर्क येथें तिनें स्वतःचेंच ‘बेगर बार’ नांवाचें रात्रगृह उघडलें. या उदाहरणांत आपल्या उपयोगाचा मुद्दा निराळाच आहे. गेर्टबाईंच्या हातीं दाराची किल्ली आणि गल्ल्याचा हिशेब होता. काय नाचावयाचें आणि कोणापुढें नाचावयाचें, हें ती ठरवीत होती.

हा मुद्दा मनांत ठेवून मुंबईच्या डान्सबारांकडे पाहावयास हवें. १९८० नंतर मुंबई, ठाणें व आसपासच्या भागांत मद्यगृहांतून हिंदी चित्रपटगीतांवर नाच करण्याचा धंदा वाढला. एक गाणें, एक नाच, आणि वर उधळलेल्या नोटा. दौलतजादेचीच ती नवी आवृत्ति. तेथें येणाऱ्या स्त्रियांपैकीं अनेकजणी परंपरेनें नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतून आल्या होत्या. जुना आश्रय तुटला तसा त्यांनीं नवा धरला. २००५ सालीं गृहमंत्री आर. आर. पाटील यांनीं या नाचावर बंदी आणिली. ते तासगांव तालुक्यांतील अंजनी गांवचे. ज्या तालुक्यानें वग दिला त्याच तालुक्यानें हा निर्णयही दिला. तरुण पिढी वाहवत जाते आणि घरें बसतात, ही त्यांची तळमळ होती. ती खोटी होती असें म्हणतां येणार नाहीं. कर्जबाजारी होऊन घरीं परतलेले तरुण गांवोगांवच्या लोकांनीं पाहिले होते.

परंतु मुंबई पोलिस कायद्यांत ज्या दोन कलमांची भर घालण्यांत आली, त्यांत एक भेद होता. लहान मद्यगृहांत नाच बंद. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलें, जिमखाने आणि तत्सम ठिकाणीं मात्र मोकळीक. तेंच गाणें, तीच पावलें, कदाचित् तीच बाई. जमिनीवर संगमरवर असेल तर कला आणि साधी फरशी असेल तर गुन्हा! १५ ऑगस्ट २००५ पासून बंदीचा अंमल सुरू झाला. १२ एप्रिल २००६ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली, आणि १६ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. सुमारें ७५,००० स्त्रियांचा रोजगार गेल्याचें न्यायालयापुढें मांडण्यांत आलें होतें. श्रीमंत प्रेक्षकाची नीति आपोआप उंच आणि गरिबाची आपोआप हीन, हें गृहीत न्यायालयानें मान्य केलें नाहीं. २०१४ मध्यें सरकारानें भेद काढून सर्वच ठिकाणीं बंदी केली. २०१५ मध्यें न्यायालयानें तिला स्थगिति दिली. २०१६ मध्यें नवा कायदा झाला. आणि १७ जानेवारी २०१९ रोजीं त्यांतील अनेक अटी सर्वोच्च न्यायालयानें शिथिल केल्या. नोटा उधळण्यास मनाई राहिली, रात्रीं साडेअकराची मर्यादा राहिली. परंतु नाचाचा मंच आणि मद्याची बैठक यांमध्यें भिंत हवी ही अट गेली.

त्या निकालांतली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिची चर्चा फार थोडी झाली. नाचणाऱ्या स्त्रीबरोबर लेखी करार असावा आणि तिचा मोबदला तिच्या बँकेच्या खात्यांत जमा व्हावा, हीं बंधनें न्यायालयानें उचलून धरलीं. दीडशें वर्षांच्या या कथेंत जागेला दोष देणारे पुष्कळ भेटतात. परंतु जागा नव्हे तर व्यवहार तपासा, असें म्हणणारा आवाज क्वचितच ऐकूं येतो. रात्र दोषी म्हणावी तर मिरजेच्या दर्ग्यांतलें गाणेंही रात्रींचेंच आहे. लहान खोली दोषी म्हणावी तर अदेची लावणी तिच्यावांचून जगत नाहीं. मद्य दोषी म्हणावें तर तारांकित हॉटेलांत तें काय कमी होतें? दोष शोधावयाचा तो तिच्या कमाईवर हात कोणाचा, नको असलेल्या गिऱ्हाइकाला ती नको म्हणूं शकते कीं नाहीं, आणि तिच्या मुलांना शाळेचें दार उघडें आहे कीं नाहीं, या ठिकाणीं.

अलीकडे या दिशेनें एक प्रयत्न झाला आहे. भूषण कोरगांवकर यांनीं संगीत बारीच्या थिएटरांतून हिंडून त्या स्त्रियांच्या जीवनावर ‘संगीत बारी’ हें पुस्तक लिहिलें. तें २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यानंतर सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्यांनीं याच नांवाचा रंगमंचीय कार्यक्रम उभा केला. त्यांत शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या बारीतल्या कलावती स्वतः लावणी करतात आणि तिच्या मागची हकीकत प्रेक्षकांना सांगण्यांत येते. येथें बाईला नांव आहे. तिची ओळख करून दिली जाते, आणि तिची अदा समजावून घेण्यासाठीं माणसें तिकीट काढून येतात. जे स्त्री-पुरुष चौफुल्याची पायरी चढले नसते ते येथें येतात, आणि जवळून पाहावयाची ती कला जवळून पाहतात.

हा प्रयत्न मोलाचा असला तरी त्यानें सारा प्रश्न सुटत नाहीं. रसिक शहरांत बसून लावणीचा सन्मान करील आणि बारीतली बाई जुन्याच कराराविना पहांटेपर्यंत नाचत राहील, तर १९६५ चीच पुनरावृत्ति होईल. कला वर जाईल आणि कलावती खालीं राहील. सन्मानाबरोबर करार गेला पाहिजे, आणि तो शहरांतल्या नाट्यगृहापेक्षां आडवाटेच्या कलाकेंद्रांत आधीं पोंचला पाहिजे.

कुपवाडसारख्या गांवांच्या दृष्टीनें हा विचार दूरचा नाहीं. शेतांच्या जागीं कारखाने आले आणि ठिकठिकाणचे कामगार एकत्र आले म्हणजे त्यांच्या रात्रीच्या करमणुकीची जागाही उभी राहणारच. मुंबईंत गिरण्यांच्या काळीं तसेंच झालें होतें. ती जागा उभी राहील तेव्हां तिला टाळें लावण्याची घाई करणारेही निघतील आणि डोळे झांकून घेणारेही निघतील. पवळा ज्यांच्यापुढें नाचली त्यांनाही तिच्या हिशेबाची वही पाहण्याचें सुचलें नाहीं. आपल्याला तें सुचावें, इतक्यासाठीं हा इतिहास सांगितला.